मळ्यातली विहीर आणि घराची टाकी : परवाना कोणाचा, तपासणी कोणाची?



आपल्या आंबेगाव-जुन्नर भागात पूर्वी घर गावठाणात आणि मळ्यात फक्त खोप असायची. डिंभे धरणाचे, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागराचे पाणी कालव्याने फिरू लागले, विहिरींना पाणी टिकू लागले, उसाखालचे रान वाढले, आणि माणसे हळूहळू मळ्यात राहायला गेली. बाबू गेनूंचे गाव महाळुंगे पडवळ घ्या, कळंब घ्या, नाहीतर पारगाव, निरगुडसर घ्या. शिवारातून चालत गेले तर जिकडेतिकडे वस्त्या दिसतात. वस्तीवर पक्के घर, घरात संडास-न्हाणी, घरामागे टाकी आणि थोड्या अंतरावर विहीर किंवा बोअर. त्याच विहिरीवर ऊस भिजतो, गुरे पाणी पितात आणि घरातला हंडाही तिथूनच भरतो.

घरात संडास आला ही मोठी चांगली गोष्ट झाली. रात्री-बेरात्री बायाबापड्यांना उसाच्या कडेला जावे लागत नाही. बिबट्याच्या या मुलखात त्याचे मोल आपल्याला कोणी सांगायला नको. पण त्याबरोबर एक नवा प्रश्न वस्तीवर आला, आणि तो फारसा कोणी विचारत नाही. संडासची टाकी आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांच्यात अंतर किती? आणि ते कोणी मोजले?

पुष्कळ सभासदांची अशी समजूत आहे की, "ग्रामपंचायतीने परवानगी दिली, सातबाऱ्यावर विहिरीची नोंद झाली, म्हणजे सगळे तपासून झाले." तसे नाही. कोणता कागद कशासाठी असतो आणि कोणती तपासणी कुठपर्यंत येते, हे या लेखात सांगायचे आहे. जिथे सरकारी तपासणी येत नाही तिथे आपण काय करायचे, तेही पाहू.

कागद कोणता आणि कशाचा?

आधी विहिरीचे पाहू. महाराष्ट्रात १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी भूजलाचा कायदा झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत, त्याच पाणलोटात, परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये असे त्याने ठरवले. पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा कायदा झाला आणि २०१४ पासून तो लागू आहे. सार्वजनिक स्रोताचे संरक्षण त्यातही कायम आहे. ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल जाणाऱ्या विहिरीला हा कायदा 'खोल विहीर' म्हणतो आणि अधिसूचित क्षेत्रात अशा विहिरीला बंदी घालतो. विहिरीची नोंदणी आणि बोअर मारणाऱ्या गाडीवाल्यांची नोंदणी यांच्याही तरतुदी त्यात आहेत. अनुदानाची सिंचन विहीर घ्यायची तरी गावच्या पिण्याच्या स्रोतापासूनचे अंतर पाहिले जाते.

या सगळ्याचा रोख गावची नळपाण्याची विहीर आटू नये हा आहे. तुमच्या विहिरीचे पाणी तुमच्या नातवाने प्यावे की नाही, हे त्या अर्जात कोणी विचारत नाही. सातबाऱ्यावरची नोंद विहीर आहे एवढेच सांगते. तो पाण्याचा दाखला नव्हे.

आता टाकीचे. गावठाणात घर बांधायचे तर ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते. गावठाणाबाहेर बांधकामाचे नियम वेगळे आणि मंजुरीचे कार्यालयही वेगळे. नकाशावर टाकी आणि शोषखड्डा दाखवलेला असतो. पण प्रत्यक्षात गवंडी टाकी कुठे खणतो? जिथे जागा मोकळी आणि माती मऊ तिथे. नकाशातली टाकी पूर्वेला आणि जागेवरची पश्चिमेला, असे पुष्कळदा होते.

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी स्थानिक आरोग्य खाते घरच्या विहिरीला आणि संडासच्या टाकीला वेगवेगळे परवाने देते. टाकी बांधण्याआधी माती पाणी किती शोषते हे पाहतात आणि माती बुजवण्याआधी निरीक्षक येऊन बघून जातो. आपल्याकडे वस्तीवरच्या टाकीला असा वेगळा आरोग्य परवाना नाही. म्हणजे निरीक्षकाचे काम घरधन्यालाच करायचे आहे.

गावच्या पाण्याची तपासणी कशी होते?

गावच्या सार्वजनिक पाण्यावर मात्र देखरेख आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राचे कर्मचारी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, गावातल्या सार्वजनिक स्रोतांची स्वच्छता पाहणी करतात. विहिरीला कठडा आहे का, भोवती सांडपाणी साचते का, जवळ उकिरडा किंवा संडास आहे का, पाइप गळतो का, टीसीएल पावडर शिल्लक आहे का, हे बघतात. त्यावरून ग्रामपंचायतीला कार्ड मिळते. लाल कार्ड म्हणजे धोका मोठा, पिवळे म्हणजे मध्यम, हिरवे म्हणजे कमी. पाच वर्षे सलग हिरवे कार्ड टिकवणाऱ्या आणि साथ न आलेल्या गावाला चंदेरी कार्ड देण्याची पद्धत आहे.

याशिवाय ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक रोज पाण्यात टीसीएल टाकतो आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही ते तपासतो. नमुने प्रयोगशाळेत जातात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यातल्या भूजलाचा अभ्यास करते आणि पाण्याच्या प्रयोगशाळाही चालवते. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगावी महिलांना पाणी तपासणीचे संच हाताळायला शिकवले गेले.

आपल्या गावाला कोणत्या रंगाचे कार्ड आहे हे ग्रामसभेत जरूर विचारा. पण ते कार्ड सार्वजनिक स्रोताचे आहे हे विसरू नका. गावाला हिरवे कार्ड असले तरी तुमच्या मळ्यातली विहीर त्या पाहणीत धरलेली नसते. गावातला नळ टीसीएलचा, वस्तीवरचा हंडा बिनटीसीएलचा, असे चालले आहे.

तपासणीने काय साधते याचा पुरावा आपल्याच देशात आहे. जुन्या लोकांना नारू आठवत असेल. पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा आणि माणूस ऐन हंगामात महिना-महिना अंथरुणावर पडायचा. पायविहिरीत उतरून पाणी भरताना नारूवाल्याचा पाय पाण्यात बुडायचा आणि रोग साऱ्या गावाला जायचा. १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली. आरोग्य कर्मचाऱ्यांनी विहिरी पाहिल्या, पायऱ्या बंद करून रहाट बसवले, पाणी गाळून प्यायला शिकवले. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. नारूवर लस नव्हती आणि खात्रीचे औषधही नव्हते. विहिरीकडे नीट बघितल्याने तो गेला.

टाकीतले पाणी विहिरीत कसे जाते?

आपण बोलताना ज्याला 'सेफ्टी टँक' म्हणतो तो खरा सेप्टिक टँक. नाव सेफ्टीचे पडले म्हणून सगळ्यांना वाटते की आत गेले ते संपले. तसे होत नाही. टाकीत जड मैला गाळ होऊन खाली बसतो, साय वर तरंगते आणि मधले गढूळ पाणी दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. ते पाणी निवळलेले असते, शुद्ध झालेले नसते. कावीळ, हगवण, विषमज्वर, पटकी यांचे जंतू त्यात असू शकतात. पुढचे काम शोषखड्ड्याभोवतीच्या मातीचे. बारीक मातीतून पाणी सावकाश झिरपले तर जंतू अडकतात आणि मरतात.

इथे आपल्या जमिनीचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. सह्याद्रीच्या पायथ्याची आपली जमीन काळ्या खडकाची. वर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगांचा खडक. मातीची जाडी कुठे दहा फूट तर कुठे दोनच फूट. शोषखड्डा मातीतून पार मुरमात आणि भेगेत गेला, तर पाणी गाळले जात नाही. भेगेतून ते नळीतून गेल्यासारखे जाते. आपण विहिरीत बघतोच की, झरे मुरमाच्या आणि खडकाच्या सांध्यातून फुटतात. जे झरे विहिरीला पाणी आणतात तेच शोषखड्ड्याचेही पाणी आणू शकतात.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पातळीची. उन्हाळ्यात खणलेला खड्डा कोरडा ठणठणीत असतो. पावसाळ्यात, किंवा कालव्याचे आवर्तन चालू असताना, भूजल वर येते आणि खड्ड्याचा तळ पाण्यात बुडतो. मग गाळायला मातीच उरत नाही. म्हणून खड्ड्याचा तळ भर पावसातल्या भूजल पातळीच्या किमान दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट वर असावा. जिथे ते शक्य नाही तिथे खड्डा उथळ आणि रुंद घ्यावा.

हे भीती घालण्यासाठी लिहिलेले नाही. १८५४ साली लंडन शहरात ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे गेली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून दाखवले की, मेलेली बहुतेक माणसे एकाच पंपाचे पाणी पीत होती. पुढे खणून पाहिले तेव्हा शेजारच्या घराचा विटांचा मैलाखड्डा त्या विहिरीपासून तीन फुटांच्या आत निघाला आणि विटांचे सांधे गळत होते. त्या घरातल्या आजारी बाळाचे कपडे धुतलेले पाणी त्याच खड्ड्यात जात होते. आणि गंमत अशी की त्या पंपाचे पाणी चवीला चांगले म्हणून लोक लांबून यायचे.

इतके लांबही जायला नको. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात गुलेन बारी सिंड्रोम या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतले बळ जाते असा हा आजार. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत पोटात जाणाऱ्या जंतूंचा आणि विषाणूंचा माग लागला आणि संशयाची पहिली सुई पाण्याकडे वळली. तिथल्या विहिरीचे आणि टँकरचे पाणी तपासायला यंत्रणा धावली. ही तपासणी साथ आल्यावर झाली. आपण ती साथ येण्याआधी करायची आहे.

अंतर आणि मापे

भारतीय मानक २४७० मध्ये टाकी आणि शोषखड्ड्याचे नियम दिलेले आहेत. त्यातले कामाचे असे:

१. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब हवा. मुरूम उथळ आणि खडक भेगाळ असेल तर याहून जितके जास्त अंतर ठेवता येईल तितके ठेवा.

२. राहत्या घरापासून शोषखड्डा ६ मीटर, म्हणजे वीस फूट लांब असावा.

३. उताराकडे बघा. विहीर वरच्या अंगाला आणि शोषखड्डा खालच्या अंगाला हवा. साठ फूट अंतर असूनही खड्डा विहिरीच्या वर असेल तर धोका राहतोच.

४. पाच माणसांच्या घराला टाकी आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर पुरते. दहा माणसांना दोन मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद आणि एक मीटर खोल. दोन वर्षांनी गाळ काढायचा या हिशेबाने ही मापे आहेत. पाण्याच्या वर फूटभर जागा मोकळी सोडा.

५. टाकीचा तळ आणि बाजू पक्क्या, आतून गिलावा केलेल्या हव्यात. 'तळ उघडा ठेवला की टाकी भरत नाही' असे सांगणारे गवंडी भेटतात. टाकी भरत नाही हे खरे, कारण सगळे खाली जमिनीत जाते. तळ उघडा ठेवू देऊ नका.

माती पाणी शोषते की नाही हे घरच्या घरी बघता येते. शोषखड्ड्याच्या जागी तळाच्या पातळीपर्यंत वीतभर रुंद भोक घ्या. आदल्या दिवशी ते पाण्याने भरून रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीतभर पाणी भरा आणि एक इंच पाणी उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. अर्ध्या तासाच्या आत उतरले तर शोषखड्डा चालेल. तासाहून जास्त लागला तर ती चिकट काळी जमीन आहे, तिथे शोषखड्डा तुंबणार. आणि पाणी ओतल्याबरोबर गडप झाले, तर खाली भेग आहे असे समजा आणि जागा बदला.

लहान कुटुंबाला दोन खड्ड्यांचा संडास टाकीपेक्षा सोपा आणि स्वस्त पडतो. एक खड्डा भरला की चेंबरमधून वाट बदलून दुसरा सुरू करायचा. पहिला दोन वर्षे झाकून ठेवला की आतल्या मैल्याचे वास नसलेले सोनखत होते. विहिरीपासूनच्या अंतराचा विचार त्यालाही लागू आहे.

या कामात आपल्या मराठी माणसांनी आयुष्ये घातली आहेत. कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी संडास करून दाखवला. त्यांच्याकडून धडा घेऊन आपल्याच जिल्ह्यातल्या देहू गावी सरकारी दवाखान्याचे डॉक्टर सुहास मापुसकर यांनी संडासांचे काम उभे केले आणि मैल्यावर चालणारा मलप्रभा बायोगॅस बसवून दाखवला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. डॉक्टर असून गोळ्यांपेक्षा खड्ड्याकडे लक्ष दिले, कारण रोग कुठून येतो ते त्यांनी ओळखले होते.

टाकी उपसताना माणूस आत उतरवू नका

टाकी दोन-तीन वर्षांनी उपसलीच पाहिजे. गाळ भरला की मैला तसाच पुढे शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा कायमचा बुजतो. 'दहा वर्षांत एकदाही उपसली नाही' ही फुशारकी सांगण्याची गोष्ट नाही. अशा टाकीला बहुधा तळ नसतो किंवा कुठेतरी फूट असते.

उपसायला पंपाची गाडीच बोलवा. टाकीत विषारी वायू असतो आणि प्राणवायू कमी असतो. झाकण उघडून माणूस आत उतरला की दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. दंडाचे सोडा, चार पैसे वाचवायला कोणाच्या घरचा कर्ता माणूस घालवायचा नाही.

उपसलेला मैला ओढ्यात, चारीत किंवा उभ्या उसाच्या सरीत सोडू देऊ नका. विहीर, ओढा किंवा जमिनीवर घाण सोडण्याला १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानेही बंदी आहे. गाडीवाला गाळ कुठे नेतो हे पैसे देण्याआधी विचारा.

विहिरीची तपासणी आपणच करू

विहिरीला तीन फूट उंच कठडा हवा. त्याने बिबट्या, कुत्रे, पोरेही पडत नाहीत आणि पावसाचे वाहते पाणीही आत जात नाही. भोवती सिमेंटचा ओटा आणि सांडपाणी लांब नेणारी नाली हवी. वरचे दहा फूट बांधकाम पक्के आणि गिलाव्याचे हवे, म्हणजे वरवरचे पाणी आत पाझरत नाही. बोअरचा केसिंग पाइप माती-मुरूम ओलांडून पक्क्या खडकात बसलेला हवा आणि जमिनीच्या वर फूटभर असावा. पाइपाभोवती काँक्रीट आणि तोंडाला झाकण हवे. गाडीवाला केसिंगमध्ये पाइप वाचवायला बघतो. तिथे काटकसर करू नका.

पाण्याची जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा करावी. एकदा उन्हाळ्याच्या शेवटी आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर. प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सेवकाला भेटा, निर्जंतुक बाटली घ्या, तिचे तोंड हाताला लागू न देता भरा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही सापडता कामा नये, असे मानक आहे.

रासायनिक तपासणी वर्षातून एकदा पुरे. तिच्यात ऊसवाल्याने नायट्रेटचा आकडा आधी बघावा. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. म्हणजे एकरी १६० किलो. सगळे युरियातून दिले तर ४५ किलोच्या पावणेआठ गोण्या होतात. एकदम टाकून वर मोकाट पाणी दिले की त्यातले बरेचसे नत्र पाण्याबरोबर खाली जाते आणि विहिरीत नायट्रेट होऊन निघते. संडासच्या पाण्यातूनही तेच येते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे. सहा महिन्यांच्या आतल्या वरच्या दुधावरच्या बाळाला जास्त नायट्रेटचे पाणी गेले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळे पडते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होते. टीसीएलनेही ते जात नाही. खताचे हप्ते पाडणे आणि ठिबक करणे यात खताचे पैसेही वाचतात आणि विहीरही वाचते.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. शेतीसाठी जे पाणी परीक्षण करतो त्यात सामू, क्षार, सोडियम बघतात. तो अहवाल उसासाठी. 'पाणी चांगले' असा शेरा त्यावर असला तरी तो पिण्यासाठी धरू नका.

टीसीएल किती टाकायचे?

गोल विहिरीतले पाणी काढायचा हिशेब सोपा आहे. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळे मीटरमध्ये, आणि त्याला ०.७८५ ने गुणा. आले ते घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम चांगल्या टीसीएलचे प्रमाण धरतात. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर २८ हजार लिटर होतात, म्हणजे १४० ग्रॅम. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तेवढेच खोल पाणी असेल तर १ लाख १३ हजार लिटर आणि ५६५ ग्रॅम.

पावडर बादलीत कालवून निवळू द्या, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि बादली वर-खाली करून ढवळा. खालचा चोथा विहिरीत टाकू नका. तासभर थांबून मग पाणी भरा. टीसीएल ताजे हवे. चांगल्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतो, आणि गोणी उघडी राहिली की तो उडून जातो.

सिंचनाची मोठी विहीर रोज शुद्ध करणे परवडणारे नाही. मग पिण्यापुरते पाणी घरावरच्या टाकीत वेगळे घ्या आणि तिथे टीसीएल टाका, किंवा उकळून प्या.

तोडीच्या टोळ्यांचेही पाणी

गाळप हंगामात तोडकरी आपल्याच रानाशेजारी कोप्या घालतात. लहान लेकरे बरोबर असतात. पाणी आपल्याच विहिरीचे पितात आणि संडासाची सोय नसल्याने आपल्याच बांधाला बसतात. कोप्या विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घालायला सांगा. आडोसा करून चर खणून द्या, रोज माती लोटायला सांगा. पाण्याची एक टाकी भरून तिच्यात टीसीएल टाकून द्या. टोळीत हगवण लागली तर तोड बंद पडते आणि तीच विहीर आपलीही असते.

सभासद विचारतात

*आजोबाच्या काळापासून हेच पाणी पितोय, काय झालं?*
आजोबांच्या काळी विहिरीशेजारी संडासची टाकी नव्हती आणि एकरी आठ गोण्या युरियाही नव्हता. विहीर तीच आहे, भोवतालचे रान बदलले.

*पाणी काचेसारखं स्वच्छ आहे, तरी तपासायचं?*
होय. जंतू आणि नायट्रेट डोळ्याला दिसत नाहीत, चवीलाही लागत नाहीत.

*टाकी विहिरीपासून पंचवीस फुटांवर बांधून झालीय, आता काय?*
टाकी पक्की असेल तर ती राहू द्या, शोषखड्डा तेवढा लांब न्या. टाकीच्या पुढच्या तोंडाला पाइप जोडून पाणी साठ फुटांपलीकडे, खालच्या अंगाला न्यायला एक दिवसाचे काम आहे. तोवर त्या विहिरीचे पाणी उकळून प्या.

*शेजाऱ्याचा खड्डा आमच्या विहिरीजवळ आहे. तक्रार कुठं करू?*
आधी भाऊबंदकी बाजूला ठेवून पाण्याचा अहवाल हातात घ्या आणि शेजाऱ्याला दाखवा. त्याचीही लेकरे त्याच झऱ्यांचे पाणी पितात. नाही ऐकले तर अहवाल जोडून ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, एक प्रत आरोग्य केंद्राला द्या आणि पोच घ्या.

या महिन्यात एवढे करा

टेप घेऊन शोषखड्ड्यापासून विहिरीपर्यंतचे अंतर मोजा. टाकी शेवटची कधी उपसली ते आठवा, आणि आठवत नसेल तर उपसा. पाण्याच्या दोन तपासण्या, एक जंतूंची आणि एक रासायनिक, करून घ्या. अहवाल सातबाऱ्याच्या फायलीत लावा, म्हणजे पुढच्या वर्षी ताडून बघता येईल. आणि पुढच्या ग्रामसभेत दोन गोष्टी मांडा: वस्त्यांवरच्या खाजगी विहिरीही पावसाळ्याआधीच्या पाहणीत धराव्यात, आणि नव्या घराची टाकी बुजवण्याआधी ग्रामपंचायतीच्या माणसाने विहिरीपासूनचे अंतर मोजून नोंद करावी.

उसाच्या वजनात दहा किलोचा फरक पडला तर आपण काट्यावर उभे राहून जाब विचारतो. घरच्या पाण्याचा जाब विचारायला मात्र वस्तीवर कोणी साहेब येणार नाही. तो आपला आपणच विचारायचा आहे.